पैशाचे आहरण

औशातल्या एका बँकेत सध्या हिंदी पंधरवडा चालू आहे. काउंटरच्या वर झेंडूच्या माळेत फलक टांगला आहे : 'हिंदी हमारी राष्ट्रभाषा है. हिंदी दिवस, १४ सितंबर.' रांगेत आमचा नंबर अकरावा होता, त्यामुळे फलकाचा सखोल अभ्यास करता आला. एवढ्याशा मजकुरात राज्यघटनेला दोनदा बगल देणे हे ऐऱ्यागैऱ्याचे काम नव्हे. त्याला स्वतंत्र विभागच लागतो.

पहिली बगल सर्वांच्या ओळखीची. घटनेच्या सतराव्या भागाचे नावच 'राजभाषा'. कलम ३४३ म्हणते, देवनागरी लिपीतली हिंदी ही संघराज्याची राजभाषा. राष्ट्रभाषेचा किताब घटनेने कोणालाच दिलेला नाही. आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषा, मराठीसकट, त्याविनाच नांदताहेत. वस्तूंच्या वेष्टणावर हिंदीची सक्ती करा म्हणून गुजरात उच्च न्यायालयात गेलेल्यालाही २०१० साली हेच ऐकून परतावे लागले. शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत पोराने राष्ट्रभाषा म्हटले तर टाळ्या वाजवून सोडून देऊ. पण पंधरवड्याचा फलक राजभाषेच्या नावाने पगार घेणाऱ्या खात्याच्या नजरेखालून जातो. 'ज' आणि 'ष्ट्र' यांतला फरक सांभाळणे एवढेच ज्याचे काम, त्याच्याच देखरेखीखाली 'ष्ट्र' भिंतीवर चढतो.

दुसरी बगल आमच्या जास्त जिव्हाळ्याची. तेच कलम ३४३ पुढे सांगते की संघराज्याच्या कारभारात अंक वापरायचे ते भारतीय अंकांच्या आंतरराष्ट्रीय रूपातले. म्हणजे आपण ज्यांना इंग्रजी आकडे म्हणतो ते. या आकड्यांवरून घटना समितीत भल्याभल्यांनी घसे कोरडे केले. तेव्हा फलकावरचा तो गोलसर, देखणा, देवनागरी '१४' चक्क कलम मोडून बसला आहे. आम्हाला त्याचा आनंदच झाला. देवनागरी आकड्यांसाठी आम्ही जन्मभर छापखान्यात भांडत आलो आहोत. 'सर, इंग्रजी आकडे सुटसुटीत दिसतात' म्हणणारी तीन ऑपरेटर पोरे आमच्या हाताखालून पळाली. उत्साहाच्या भरात आम्ही स्लिपवर '२०००' देवनागरीत लिहिले. काउंटरवरून स्लिप परत आली : 'नंबर इंग्लिश में डालिए.' देवनागरी भिंतीसाठी आहे, पैशांसाठी नाही, हे त्या क्षणी समजले.

नवी स्लिप घ्यायला गेलो तर तिच्यावर छापलेले : 'आहरण पर्ची'. शेजारी उभ्या असलेल्या, हातात पासबुकाची प्लास्टिकची पिशवी धरलेल्या एका आजोबांनी आम्हाला ते वाचून दाखवायला सांगितले. ऐकून म्हणाले, "सीतेचं हरण ठावं हाय मालक, पैशाचं बी हरण करत्यात व्हय हितं?" त्यांना फक्त विड्रॉलची स्लिप हवी होती. औशात पिढ्यान्‌पिढ्या पैसे काढतात, उचलतात, विड्रॉल करतात. आहरण कोणी केलेले ऐकिवात नाही.

१९७६ च्या राजभाषा नियमांनी देशाचे क, ख, ग असे वाटे केले. तमिळनाडूला ते लागूच नाहीत. महाराष्ट्र 'ख' मध्ये, म्हणजे हिंदी बऱ्यापैकी येणाऱ्यांच्या वाट्यात. येतेच की! औशाच्या बाजारात सकाळपासून संध्याकाळपर्यंत हिंदीच चालते, फक्त ती दखनी. तिने 'नको'चा 'नक्को' केला आणि मराठीचा 'च' तर जसाच्या तसा उचलला : 'मैं आयाच नहीं.' पंधरवड्याच्या निबंध स्पर्धेत हिला कधी उत्तेजनार्थसुद्धा मिळत नाही. तिथे बक्षीस आहरणाला.

१४ सप्टेंबरनंतर तीनच दिवसांनी मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन येतो, हा पंचांगाचा खोडकरपणा. १९४९ साली १४ सप्टेंबरला दिल्लीत राजभाषा ठरली तेव्हा घटना समितीत हैदराबाद संस्थानाचा प्रतिनिधीच नव्हता, म्हणजे त्या संस्थानातल्या औशाला कोणी विचारायचा प्रश्नच नव्हता. तशी सवय जुनीच. निजामाच्या कचेरीत आधी फारसी, मग उर्दू. मराठी, तेलुगू, कानडी बोलणाऱ्या रयतेच्या या राज्यात १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघाले तेही उर्दू माध्यमाचे. आमच्या आजोबांनी नोकरीसाठी अलिफ-बे गिरवले. आज आरक्षणासाठी त्याच दप्तरांतून 'कुणबी' हा एक शब्द हुडकायचा तर उर्दू आणि मोडी वाचणारा माणूस गावोगाव धुंडाळावा लागतो. राजभाषा म्हणजे काउंटरच्या पलीकडल्याची भाषा. राज बदलले की कपाटात जाते. अलीकडे उभा असलेला मात्र 'व्हय' आणि 'नक्को' म्हणत तिथेच असतो. शाळांत हिंदीच्या सक्तीचे दोन जीआर काढून २९ जून २०२५ ला गुंडाळणाऱ्यांना हे या रांगेत फुकट कळले असते.

मराठीच्या कैवाऱ्यांनी एवढ्यात मिशीला ताव देऊ नये. २७ फेब्रुवारी हा मराठी भाषा गौरव दिन, राजभाषा दिन १ मे. तरी दर २७ फेब्रुवारीला औशाच्या चौकात 'मराठी राजभाषा दिनाच्या हार्दिक शुभेच्छा' असा बॅनर लागतो, त्यावर सतरा चेहरे असतात आणि 'हार्दिक'ची वेलांटी दरसाल आलटूनपालटून ऱ्हस्व-दीर्घ होते. आणि तहसिलातले 'उपरोक्त संदर्भाधीन विषयास अनुसरून' बँकेतल्या त्या आजोबांना वाचून दाखवले असते, तर त्यांनी आहरण परवडले म्हटले असते.

शेवटी आजोबांची स्लिप आम्हीच भरली, मुकाट्याने, इंग्रजी आकड्यांत. पैसे मिळाले. निघताना मान वर करून पाहिले : झेंडूच्या माळेतला तो '१४' तसाच होता. घटनाबाह्य आणि सुबक.