ग्वाल्हेरची छाप: खरी कोणती, खोटी कोणती

ग्वाल्हेर संस्थान आणि ब्रिटिश हिंदुस्थानचे टपाल खाते यांच्यात 1885 मध्ये करार झाला. संस्थानाने स्वतःच्या चित्राची तिकिटे काढली नाहीत. व्हिक्टोरिया राणीच्या चालू तिकिटांवरच इंग्रजी व नागरी अक्षरांत ‘ग्वालियर’ असे छापून ती संस्थानी टपालकचेऱ्यांतून विकली जाऊ लागली. शेजारच्या इंदूरने 1886 मध्ये तुकोजीराव होळकरांच्या मुद्रेचे तिकीट काढले. ते होळकरी हद्दीपुरतेच चाले. ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या तिकिटावर राणी होती, पण ते लावलेले पत्र मुंबई-कलकत्त्याला आणि इतर करारबद्ध संस्थानांत बिनबोभाट पोहोचे.

यावरून संग्राहकांत एक मत रूढ आहे. तिकिटाचा कागद सरकारी, जलचिन्ह सरकारी, किंमत सरकारी. मग वरचे दोन शब्द कोणी मागाहून छापले म्हणून तिकीट खोटे कसे? टपाल खात्याचाही त्यात पैसा बुडत नाही, असे या पक्षाचे म्हणणे.

यातला शेवटचा मुद्दा खरा आहे आणि तो मान्यच करावा लागतो. विकत घेतलेल्या कोऱ्या तिकिटावर खोटी छाप मारली तर टपालहशील आधीच भरलेले असते. वापरलेले तिकीट धुऊन पुन्हा लावणारा खात्याला लुबाडतो. खोटी छाप मारणारा खात्याला नव्हे, गिऱ्हाइकाला लुबाडतो. मात्र एवढ्याने छाप शोभेची ठरत नाही. ते तिकीट कोणाच्या कचेरीतून विकले गेले आणि त्याचे उत्पन्न कोणत्या तिजोरीत जमा झाले, हे सांगणारी खूण ती छापच होती. तिच्याशिवाय ते ग्वाल्हेरचे तिकीट नाही. ती खोटी असेल तर ग्वाल्हेरने कधी न काढलेले तिकीट ग्वाल्हेरच्या नावावर खपवले जाते.

सरचार्जची, म्हणजे तिकिटावर नवी किंमत छापण्याची, गोष्ट याहून स्पष्ट आहे. 1940 च्या दशकाच्या आरंभी ग्वाल्हेरच्या सव्वा आण्याच्या सरकारी कामाच्या तिकिटावर एक आण्याची नवी किंमत छापली गेली. तिथे छापेनेच मोल बदलते. तो अधिकार सरकारचा, छापखाना बाळगणाऱ्या कोणाचाही नव्हे.

खोट्या छापेची खरी अडचण वेगळीच आहे. खालचे तिकीट अस्सल असल्याने कागद, दंतुर कडा, जलचिन्ह या नेहमीच्या कसोट्या इथे कुचकामी ठरतात. उरतात फक्त अक्षरे. सुरुवातीच्या काळातील नागरी शब्द दोन लांबींत आढळतो: सुमारे 13 ते 14 आणि 15 ते 15.5 मिलिमीटर. इंग्रजी शब्दात ‘ओ’च्या जागी ‘सी’ पडलेली एक अस्सल चूक कॅटलॉगांत नोंदलेली आहे आणि तिला भाव चढा मिळतो. नकलाकारांचा डोळा साहजिकच अशा चुकांवर असतो. वापरलेल्या तिकिटावर भिंग धरावे. अस्सल तिकिटात टपालाचा शिक्का छापेवर बसलेला असतो. छापेची शाई शिक्क्यावर चढलेली दिसली तर निकाल तिथेच लागतो. शिक्क्यातले गावही पाहावे. लष्कर, उज्जैन, भिंड ही गावे संस्थानातली; मद्रासचा शिक्का संशय वाढवतो, पण शिक्का मारायचे राहून गेलेले तिकीट पुढच्या कचेरीत रद्द होऊ शकते, म्हणून एकट्या गावावर भिस्त ठेवू नये.

दुसरा युक्तिवाद असा की, नॉटपेड, म्हणजे हशील न भरलेल्या, पत्राचा दंड भरला की वरचे बनावट तिकीटही जणू चालून जाते. दंड असतो तो न भरलेल्या हशिलाचा. तो वसूल झाल्याने पत्र सुटते. तिकीट होते तिथेच, खोटेच राहते.

तिसरी पळवाट म्हणजे, 1951 पासून ही तिकिटे चलनातच नाहीत, मग त्यांची नक्कल केल्याने काय बिघडते? भारतीय दंडसंहितेत 1895 मध्ये घातलेल्या 263-अ या कलमाने बनावट टपाल तिकिटांना मनाई केली. भारतीय न्याय संहितेत ते आता 186 वे कलम आहे. त्यातली व्याख्या सरकारने काढलेल्या कोणत्याही टपाल तिकिटाच्या नकलेबद्दल बोलते. तिकीट आज चालू असले पाहिजे, अशी अट तिच्यात नाही. शिवाय नक्कल अस्सल म्हणून विकली, की फसवणुकीचे 318 वे कलम लागू शकते.

तेव्हा अशा वस्तूची नोंद ‘हिंदुस्थानचे अस्सल तिकीट, ग्वाल्हेरची छाप खोटी’ अशीच व्हावी आणि किंमतही खोट्या छापेने बिघडलेल्या साध्या तिकिटाचीच द्यावी.