फवारणीचा पन्हा आणि आपला कारागीर

सुताचा भाव आपण सकाळ-संध्याकाळ विचारतो. पण कापसावर औषध कसे मारले जाते, हे भिवंडी-कल्याणच्या पेठेत कोणी विचारत नाही. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व मजूर दगावले. आपल्या मालाची सुरुवात त्याच शेतात होते.

परदेशात विमानाने फवारणी जुनीच. वैमानिकाला वरून सगळे हिरवेच दिसते, मागचा पट्टा कुठे संपला ते कळत नाही. म्हणून बांधावर माणसे झेंडे घेऊन उभी करत आणि औषध त्यांच्याही अंगावर पडे. कापडवाल्याला हे जास्त सांगायला नको. फवाऱ्याचा पट्टा म्हणजे पन्हाच. एकावर एक चढला तर औषध दुप्पट, मध्ये फट राहिली तर कीड जिवंत.

1990 नंतर झेंडेवाल्याची जागा उपग्रहाने घेतली. त्या काळी अमेरिका आपल्या जीपीएसचा सार्वजनिक संदेश मुद्दाम अंधुक ठेवीत असे. शंभर मीटरपर्यंत चूक होई. तोड निघाली ती अशी: ज्याची जागा पक्की ठाऊक आहे असे यंत्र जमिनीवर ठेवायचे, त्याने चूक मोजायची आणि विमानाला रेडिओवरून कळवायची. मे 2000 मध्ये अमेरिकेने तो अडथळा काढला, पण ही युक्ती टिकली. तिच्याच सुधारलेल्या रूपावर आजचा ड्रोन काही सेंटिमीटरच्या फरकाने सरळ रेघ धरू शकतो. मात्र उपग्रहाला जागा कळते, वारा कळत नाही. शेजारच्या गोठ्यावर औषध उडू नये, हे माणसानेच पाहायचे.

आपल्याकडच्या लहान शेतांना विमान परवडत नाही, ड्रोन चालतो. 2023 मध्ये केंद्राने 15 हजार महिला बचत गटांना ड्रोन देण्याची योजना मंजूर केली. 80 टक्के, कमाल 8 लाख रुपये मदत. चांगली गोष्ट आहे. पण मोडल्यावर काय?

उडवण्याच्या परवान्याला दहावी पास लागते. आठवीत शाळा सोडून लूमवर लागलेली आपली किती मुले त्यात बसतील? दुरुस्तीचे तसे नाही. मोटर, पंप, नोझल, बॅटरी, पंखे हीच तर कामे आहेत. आवाजावरून लूमचा बिघाड सांगणाऱ्या जॉबरला ती शिकायला किती दिवस लागतील? नवे एवढेच की लोखंडाजवळ ड्रोनचे होकायंत्र फसते, म्हणून दुरुस्तीनंतर ते मोकळ्या जागेत पुन्हा जुळवून घ्यावे लागते.

‘हे आपले काम नव्हे’ असे काही बुजुर्ग म्हणतील. संगणकाच्या वेळीही म्हणाले होते, आणि आज त्यांच्याच दुकानात बिल संगणकावर निघते. ठाणे-कल्याणच्या दोन-चार व्यापाऱ्यांनी भागीदारीत भांडवल घालावे, एखाद्या मोटर-रिवाइंडिंगवाल्याला सोबत घ्यावे आणि दोन हुशार पोरांना शिकायला पाठवावे. मुरबाड-शहापूरची भातशेती इथून फार लांब नाही.