वाईच चड दारू

"दारू वाईच चड घाल, मगे बार लांब जातलो." बांदा-दोडामार्ग पट्ट्यात शेतीसंरक्षणाची ठासणीची बंदूक ज्यांच्या घरात आहे, त्यांना हा सल्ला नवा नाही. रानडुकरांनी रातोरात भाताचे कुणगे उलथले की चिडलेला माणूस तो पाळतोही. सल्ला मात्र साफ चुकीचा आहे.

आजोबा मुठीच्या अंदाजाने ठासत आणि त्यांचे हात शाबूत राहिले, हे मान्य. श्रेय अंदाजाचे नव्हे, काळ्या दारूचे. दाब वाढला तरी तिच्या जळण्याचा वेग फारसा चढत नाही. धूररहित दारू उलट वागते: दाब चढला की ती झपाट्याने जळते आणि त्यामुळे दाब आणखी चढतो. काडतूस फोडून काढलेली ही दारू ठासणीत घालणारा नळी स्वतःच्याच तोंडावर फोडून घेतो.

जास्त दारू म्हणजे जास्त मार, हेही खोटे. 1888 साली थ्री-नॉट-थ्री आली तेव्हा तिच्या काडतुसात सुमारे 70 ग्रेन काळी दारू होती. काही वर्षांतच तिची जागा सुमारे 30 ग्रेन कॉर्डाइटने, म्हणजे धूररहित दारूने, घेतली. दारू निम्म्याहून कमी झाली, गोळीचा वेग वाढला!

नेम बसतो तो प्रत्येक बार सारखा भरल्याने. परदेशात रायफलची काडतुसे घरी भरणारे दारू ग्रेनच्या दहाव्या भागापर्यंत तोलतात (ग्रेन म्हणजे जेमतेम 65 मिलिग्रॅम). उत्पादकाच्या तक्त्यातल्या किमान मापापासून ते बेताबेताने वर जातात. गोळ्या जवळजवळ पडू लागल्या की थांबतात, आणि ते माप बहुधा कमाल मर्यादेच्या अलीकडेच सापडते.

ठासणीलाही हीच शिस्त लावावी. दारू काळीच, माप धातूचे आणि ठरलेले. गजावर दोन खुणा हव्यात, एक रिकाम्या नळीची, दुसरी भरलेल्या बाराची. केप (बार पेटवणारी टोपी) फुसकी गेल्यावर विसरून दुसरा बार ठासणारे या खुणेनेच वाचतात. गोळी दारूला टेकली नाही, तर तेही खूण सांगते; मधली पोकळी नळी फुगवते.

काडतुसे महाग आहेत, म्हणून रिकामी घरी भरू, असेही म्हटले जाते. तक्रार रास्त, उपाय बेकायदा. 1959 च्या शस्त्र अधिनियमाचे पाचवे कलम विनापरवाना दारूगोळा बनवू देत नाही. परवान्यावरचा काडतुसांचा आकडा अपुरा असेल, तर ओरोसला जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे तो वाढवून मागावा. खेपा घालाव्या लागतील, त्या घालाव्यात.