काठीच्या टोकाचा प्रश्न

पांढऱ्या काठीचे टोक झिजते. रोज डांबरावर घासणारे टोक फार काळ टिकत नाही. घडीच्या काठीत नळ्या जोडून ठेवणारी लवचीक दोरी सैल झाली, की काठी सांध्यांत लुळी पडते. दिव्यांगांना साधने देणाऱ्या केंद्र सरकारच्या ‘एडिप’ योजनेत मात्र एकदा साधन मिळाले की त्याच कारणासाठी ३ वर्षे पुन्हा मदत नाही. १२ वर्षांखालील मुलांसाठी ही अट १ वर्षाची. छत्रपती संभाजीनगरात सिडकोतून क्रांती चौकात रोज कामाला येणाऱ्या अंध माणसाने मधल्या काळात चालायचे कशाच्या भरवशावर?

साधनांची आज वानवा नाही. आयआयटी दिल्लीत घडलेली स्मार्टकेन गुडघ्याच्या वरचे अडथळे कंपनाने कळवते. रिझर्व्ह बँकेचे ‘मनी’ ॲप २०२० पासून नोट ओळखून सांगते, तेही इंटरनेटशिवाय. संगणकाचा पडदा वाचून दाखवणारे ‘एनव्हीडीए’ फुकट मिळते, फोन मराठीतून बोलतो. पण मधुमेहाने किंवा काचबिंदूने पन्नाशीत दृष्टी गमावलेल्या माणसाच्या हाती नुसता फोन देऊन काय होणार? डावे पाऊल पुढे पडताना काठीचे टोक उजवीकडे न्यायचे, म्हणजे पुढच्या पावलाची जागा आधीच तपासली जाते, हे कोणीतरी शेजारी चालून शिकवावे लागते. शिबिरात हारतुरे होतात, वाटप होते, फोटो निघतात. शिकवणे राहून जाते. आमचा आक्षेप वाटपाला नाही, वाटपापाशीच थांबण्याला आहे.

पैशाची सबब चालणार नाही. स्थानिक स्वराज्य संस्थांनी ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी राखून ठेवायचा, असा राज्याचा दंडक आहे. छत्रपती संभाजीनगर महापालिकेने त्यातून मध्यवर्ती बसस्थानकाजवळ कायमचे केंद्र उघडावे. तिथे काठीची टोके, दोऱ्या मिळाव्यात, दुरुस्ती व्हावी, चालणे आणि फोन शिकवणारे प्रशिक्षक पगारावर असावेत. घाटी रुग्णालयात अंधत्वाचे प्रमाणपत्र घेणाऱ्याला तिथेच या केंद्राचा पत्ता मिळावा.

आणि पदपथ मोकळे हवेत. सुगम्यतेचे निकष ऐच्छिक नव्हे, बंधनकारक हवेत, असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रतुरी प्रकरणात बजावले आहे. अंधांना वाट दाखवणाऱ्या पिवळ्या उंचवट्यांच्या फरशीवर दुचाकी लावणाऱ्यांवर दंड बसवायला तर नव्या निधीचीही गरज नाही. महापालिकेने येत्या अंदाजपत्रकात या केंद्रासाठी स्वतंत्र तरतूद करावी आणि ते उघडण्याची तारीख जाहीर करावी.