गोष्ट भारी होती, पण खरी नव्हती!



मागच्या व्हिडिओत मी म्हणालो होतो, "ग्राहकाला आधी भाव नको, गोष्ट सांगा." त्यावर बऱ्याच जणांनी विचारलं, "सर, गोष्टीत थोडा तिखट-मीठ मसाला चालेल का?"

नाही चालणार. का, ते एका उदाहरणावरून सांगतो.

अमेरिकेत 'धिस अमेरिकन लाइफ' हा कार्यक्रम 1995 मध्ये शिकागोच्या सार्वजनिक रेडिओवर सुरू झाला. आज लोक तो पॉडकास्ट म्हणून ऐकतात. साध्या माणसांच्या खऱ्या गोष्टी, ही त्याची ओळख. जानेवारी 2012 मध्ये माइक डेझी या रंगमंच कलाकाराने तिथे चीनमधल्या शेनझेनची गोष्ट सांगितली. ॲपलच्या वस्तू जिथे बनतात तिथल्या कामगारांचे हाल, आपण डोळ्यांनी पाहिले म्हणून. ऐकणारे हादरले. तोवरचा त्यांचा सगळ्यात जास्त डाउनलोड झालेला एपिसोड ठरला तो.

चीनमध्ये काम करणारे रेडिओ पत्रकार रॉब श्मिट्झ यांना मात्र शंका आली. डेझीच्या दुभाषीचा फोन लागत नाही, असं डेझीने निर्मात्यांना सांगितलं होतं. श्मिट्झ यांनी तिला शोधून काढलं. तिने बऱ्याच गोष्टी नाकारल्या. रसायनाने विषबाधा झालेले कामगार आपल्याला शेनझेनमध्ये भेटले, असं डेझी सांगत होता. ती घटना घडली होती दूर सुझोऊमध्ये, आणि त्या कामगारांना तो भेटलाच नव्हता.

आता बघा, विषबाधा झाली हे खरंच होतं. म्हणून काही श्रोते म्हणाले, "तपशील चुकला असेल, पण मुद्दा तर खरा ना?" मला हे अजिबात पटत नाही. "मी पाहिलं" हे एक खोटं सापडलं, की लोक बाकीच्या खऱ्यावरही शंका घेतात. नुकसान कुणाचं? ज्यांच्यासाठी गोष्ट सांगितली, त्या कामगारांचंच.

पण त्या कार्यक्रमाने पुढे जे केलं, ते शिकण्यासारखं आहे. मार्चमध्ये त्यांनी आख्खा एक तास आपली चूक सांगण्यात घालवला. दुभाषी भेटत नव्हती तेव्हाच ही गोष्ट थांबवायला हवी होती, असं सूत्रधार आयरा ग्लास यांनी मान्य केलं. डेझीलाही समोर बसवून प्रश्न विचारले. कोपऱ्यात बारीक अक्षरात दिलगिरी नाही!

आता माझं सांगतो. सेशनमध्ये मी एका पापडवाल्या ताईंची गोष्ट सांगायचो, "शून्यातून एकटीने उभं केलं." टाळ्या पडायच्या. खरं असं, की पहिली दोन वर्षं घर त्यांच्या नवऱ्याच्या पगारावर चाललं. ते मी गाळायचो. मग एक दिवस एक पोरगा भेटला. म्हणाला, "सर, त्या ताईंचं ऐकून नोकरी सोडली. सहा महिन्यांत पैसे संपले." माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तेव्हापासून मी नवऱ्याच्या पगारासकट गोष्ट सांगतो. टाळ्या कमी पडतात. चालेल.

तुमच्यासाठी आजचा गृहपाठ: तुमच्या पॅम्प्लेटवरची, रीलमधली गोष्ट उघडा. "आजीची रेसिपी" लिहिलंय, ती खरंच आजीची आहे का? नसेल तर आजच काढा. ग्राहकाने शोधून काढण्याआधी तुम्हीच सांगितलेलं बरं.

भेटू पुढच्या व्हिडिओत!