कुलूप शाबूत, मोहनमाळ गायब!

दिवाळीला धाकटी बहीण दुबईहून वाशीमला आली. बॅग उघडली, तर कुलूप शाबूत आणि सासूबाईंनी घातलेली मोहनमाळ गायब! साध्या बॉलपेनाच्या टोकाने चेनचे दात उसवतात आणि कुलपासकट रनर फिरवला की पुन्हा मिटतात, हे आम्हां पढतमूर्खांना कुठे ठाऊक? 'सासरी कळेल' म्हणून ती ८ दिवस गप्प राहिली. माँट्रियल करार भारताला २००९ पासून लागू आहे. त्याप्रमाणे अशी लेखी तक्रार सामान हाती आल्यापासून ७ दिवसांत करावी लागते. चोराने माळ नेली. दाद मागण्याचा हक्क आमच्या भिडेने नेला. वाचकहो, दागिना हातातल्या पिशवीत ठेवा. आणि गेलाच, तर आधी बोला!