‘घर का काम है’ म्हणणाऱ्यांना बिल द्या

उदगीरमध्ये एखाद्या पोराने कॉम्प्युटर घेतला की पहिलं काम त्याला आठवड्यात मिळतं. पैसे मिळत नाहीत. जलशाचं पोस्टर, वलीम्याची पत्रिका, गॅदरिंगचा व्हिडिओ, नगरसेवक होऊ पाहणाऱ्याच्या वाढदिवसाचा बॅनर. ‘बेटा, घर का काम है, देख लेंगे.’ त्यानंतर कुणी काही बघत नाही.

माझीही सुरुवात अशीच झाली. एका शिक्षणसंस्थेचं माहितीपत्रक मी केलं. सोळा पानं, मराठी आणि उर्दू दोन्हीत, दुरुस्त्या अकरा वेळा. रक्कम तोंडी ठरली होती. पत्रक छापलं, गावभर वाटलं गेलं. चार महिने चकरा मारल्यावर उत्तर मिळालं, ‘तुझं नाव झालं ना गावात!’ भांडायला माझ्याकडे कागदाचा एक चिटोराही नव्हता. चूक त्यांची होती, तशी माझीही होती.

इकडे सत्काराच्या कार्यक्रमांत पाहुणे आपल्याला सांगतात की नोकरी मागू नका, मालक बना. धंदा मुसलमानाच्या रक्तातच आहे. टाळ्या पडतात. मला राग येतो. 2006 च्या सच्चर समितीच्या अहवालानुसार मुस्लिम कामगारांपैकी 61 टक्के स्वयंरोजगारात होते, तर हिंदू कामगारांपैकी 55 टक्के. नियमित पगाराच्या नोकऱ्यांत मात्र आपण मागे. यात रक्ताचा काही संबंध नाही. नोकरीची दारं उघडली नाहीत म्हणून आपले वडील वेल्डिंगकडे, गॅरेजकडे, शिलाईकडे, फळांच्या गाड्याकडे वळले. ज्याला आज आपण ऐटीत फ्रीलान्सिंग म्हणतो, ते त्यांनी आयुष्यभर केलं. फक्त त्यांच्याकडे तो शब्द नव्हता आणि कागदही नव्हता. मोहल्ल्यातल्या कुठल्याही मिस्त्रीला विचारा, किती जणांकडे मजुरी अडकली आहे. तो नावं सांगेल, पुरावा दाखवू शकणार नाही. आपण लॅपटॉप घेतला, पण तीच बुडीत उधारी पुढे चालवतो आहोत.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. लोगो कसा करायचा, व्हिडिओ कसा कापायचा हे यूट्यूबवर शिकता येतं. तोंडी काम न घेण्याची सवय मात्र आपली आपणच लावायची आहे. काम काय, रक्कम किती, दुरुस्त्या किती वेळा, पैसे कधी, एवढं व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून समोरच्याचा होकार घ्या. अर्धी रक्कम आधी घ्या. काम झालं की तारीख आणि क्रमांक टाकून बिल द्या.

आपल्या बाजूने कायदा आहे, पण तो कागदवाल्याच्याच कामाला येतो. सूक्ष्म आणि लघु उद्योगांसाठी 2006 चा कायदा सांगतो की पैसे देण्याची मुदत करारातसुद्धा 45 दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. त्यानंतर उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं, आणि तक्रारीसाठी सरकारी परिषद आहे. एकटा माणूस घरून सेवा देत असला तरी उद्यम नोंदणी करू शकतो. 1 जुलै 2020 पासून ही नोंदणी आधारवर, ऑनलाइन आणि पूर्ण फुकट होते. ती काम घेण्याआधी करा, पैसे बुडाल्यावर नव्हे. सेवा देणाऱ्याला साधारणपणे वर्षाच्या 20 लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही, तेव्हा त्या भीतीने कागद टाळू नका. एखाद्या कंपनीने बिलातून 10 टक्के टीडीएस कापला तर रिटर्न भरा. कर लागत नसेल तर ती रक्कम परत येते. उद्या बँकेत कर्ज मागताना हीच रिटर्न पुढे ठेवता येतात.

लोक म्हणतील, लिहून मागितलं तर माणसं दुखावतात, ओळख तुटते. जे बुजुर्ग असं म्हणतात, त्यांना अल-बकराची 282 वी आयत आठवून द्या. कुरआनातली ती सर्वांत लांब आयत, आणि ती मुदतीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आहे. लिहून ठेवणं म्हणजे अविश्वास, हे आपण कुठून शिकलो? लिहायचं म्हटल्यावर जो गिऱ्हाईक उठून जातो, तो पैसे देणारच नव्हता.

दुसरं म्हणजे, आपल्याकडे विकण्यासारखं काय आहे हे ओळखा. 2023 मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती मराठवाड्यात निजामकाळातल्या कुणबी नोंदी शोधू लागली, तेव्हा मोडी आणि उर्दू वाचणारी माणसं लागली. 1948 पर्यंत उदगीर हैदराबाद संस्थानात होतं. महसुलाचे जुने कागद उर्दूत आहेत आणि त्यांची गरज असणारी माणसं मराठीत विचारतात. दोन्ही भाषा ज्याच्या घरात आहेत असा तरुण इथे गल्लोगल्ली सापडेल. तरीही आपल्या दादाजींनी असे कागद जन्मभर चहाच्या कपावर वाचून दिले. अनुवाद, सबटायटल, दोन्ही लिप्यांतलं टायपिंग हे कसबाचं काम आहे. त्याचा दर सांगताना आवाज खाली जाऊ देऊ नका.

आणि भावांनो, घरातल्या बहिणीचं काय? ती मेहंदी काढते, ब्लाऊज शिवते, आता मोबाइलवर डिझाइनही करते. दर तुम्ही ठरवता, पैसे तुमच्या खात्यात येतात. ‘घर का काम’ हे वाक्य बाहेर ऐकून चिडणारे आपण घरात तेच वाक्य वापरतो. खातं तिच्या नावाचं, बिल तिच्या नावाचं, उद्यम नोंदणीही तिच्याच नावाची हवी.

नाव पाहून काम नाकारणारे आहेत, हे मला माहीत आहे. त्यांच्याशी लढायचंच आहे. पण जे काम मिळतं त्याचे पैसे आपल्याच माणसांकडे बुडत असतील, तर ती लढाई घरापासून सुरू करावी लागेल. पुढच्या जलशाचं पोस्टर मागायला चाचा आले की त्यांना चहा द्या, सलाम करा आणि दरपत्रक हातात ठेवा. फुकट करायचंच असेल तर तेही बिलावर लिहा: रक्कम इतकी, माझ्याकडून सूट इतकी. किती दिलं हे त्यांनाही कळू द्या.